कचऱ्याचं वजन आधी, ईपीए नंबर नंतर: अमेरिकेत धंदा आणि प्लांट सांभाळणाऱ्यांसाठी

अमेरिकेत बॉडी शॉप, ड्रायक्लीनिंग, छपाई, प्लेटिंग किंवा छोटी लॅब चालवणारी मराठी माणसं आहेत, आणि कारखान्यांत ईएचएस (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा) बघणारे आपले इंजिनिअर तर पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून हमखास येणारा प्रश्न असा: "वेस्ट उचलणारा म्हणतोय, आधी ईपीए नंबर द्या. कुठे मिळतो?"

ईपीए म्हणजे अमेरिकेची केंद्रीय पर्यावरण संस्था. तिचा नंबर मिळवणं अवघड नाही. कागद हाताशी असले तर फॉर्म एका बैठकीत भरून होतो. अडतं ते फॉर्मवरच्या एका चौकटीपाशी: तुमची जागा कोणत्या गटात बसते? याचं उत्तर अंदाजाने भरलेलं असेल तर नंबर हातात असूनही पहिल्याच तपासणीत पंचाईत होते. म्हणून इथे फॉर्म पाचव्या पायरीवर आहे.

मुंबई-पुण्याहून आलेल्यांनी आधी हे वाचावं

तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाच्या डोक्यात एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) ऑथरायझेशन पक्कं बसलेलं असतं. तिथे २०१६ च्या नियमांखाली फॉर्म १ भरायचा, मंडळ छाननी करणार, कोणत्या क्रमांकाचा कचरा वर्षाला किती आणि तो कुठे पाठवायचा हे लिहून देणार, आणि ती परवानगी पाच वर्षं चालणार.

ईपीए नंबर तसा नाही. तो परवाना नव्हे. १९७६ च्या रिसोर्स कन्झर्व्हेशन अँड रिकव्हरी ॲक्टखाली (इथे सगळे 'रिक्रा' म्हणतात) तुम्ही सरकारला फक्त कळवता की या पत्त्यावर धोकादायक कचरा तयार होतो आणि साधारण एवढा होतो. सरकार त्या पत्त्याला बारा अक्षर-आकड्यांची ओळख देतं. सुरुवातीची दोन अक्षरं राज्याची, म्हणजे न्यू जर्सीच्या नंबरची सुरुवात 'एनजे'ने, टेक्सासची 'टीएक्स'ने. नंबर आला म्हणून तुमची पद्धत कुणी मंजूर केली असं होत नाही. मुदतीपलीकडे साठवायचं असेल किंवा जागेवरच विल्हेवाट लावायची असेल तर त्याचा परवाना वेगळा, आणि ते प्रकरण मोठं आहे.

दुसरा मोठा फरक असा की हा नंबर जागेचा असतो. सातबाऱ्यावर मालकाचं नाव फेरफाराने बदलतं, गट नंबर तोच राहतो, तसंच हे. कंपनी विकली तर नवा मालक त्याच नंबरावर आपलं नाव लावून घेतो. तुम्ही दोन मैलांवर नवीन शेडमध्ये गेलात तर जुना नंबर तिथेच राहतो आणि नव्या जागेसाठी नवा लागतो. दोन प्लांट असतील तर दोन नंबर. मधून रस्ता जातो म्हणून मात्र लगेच दोन जागा होत नाहीत. दोन्ही बाजूंची जमीन एकाच मालकाची असेल आणि फाटकं समोरासमोर, म्हणजे रस्ता फक्त ओलांडायचा आहे, त्यावरून पुढे जायचं नाही, अशी असतील तर ती एकच जागा धरतात. वाहतूकदाराचं गणित वेगळं आहे. त्याचा नंबर कंपनीला मिळतो, प्रत्येक गाडीला किंवा डेपोला नाही.

पायरी १: कचरा खरोखर 'धोकादायक' आहे का ते ठरवा

ही जबाबदारी कचरा तयार करणाऱ्याची आहे, उचलणाऱ्याची नाही. त्याने "हे नॉन-हॅझार्डस मध्ये टाकू" म्हटलं तरी उद्या उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

दोन प्रकारे बघायचं. पहिला प्रकार याद्यांचा. वापरलेले सॉल्व्हंट एफ यादीत (एफ००१ ते एफ००५), प्लेटिंगच्या सांडपाण्याचा गाळ एफ००६, ठराविक उद्योगांचे अवशेष के यादीत. न वापरता फेकलेली रसायनं पी आणि यू याद्यांत. यातली पी यादी जहाल विषारी पदार्थांची आहे आणि तिचं वजन वेगळं मोजतात, ते पुढे येईल.

दुसरा प्रकार गुणधर्मांचा. फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअसच्या खाली असलेला द्रव ज्वलनशील, डी००१. पाण्यातल्या कचऱ्याचा पीएच २ किंवा खाली, नाहीतर १२.५ किंवा वर गेला तर क्षरणकारी, डी००२. स्फोटक किंवा पाण्याशी जोरात प्रतिक्रिया देणारा डी००३. आणि टीसीएलपी चाचणीत (कचऱ्यातून विषारी घटक पाझरतात का ते बघणाऱ्या) ठराविक धातू किंवा रसायनं मर्यादेच्या वर निघाली तर डी००४ ते डी०४३. शिसं आणि क्रोमियम दोन्हींची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे.

बहुतेक लोक इथे एसडीएस, म्हणजे रसायनाबरोबर येणारं सुरक्षा-माहितीपत्रक, काढून बसतात. एसडीएस उपयोगी आहे, पण ती ताज्या मालाची असते. रंग फवारण्याच्या बूथमध्ये वापरून झालेल्या थिनरमध्ये रंगातलं काय काय उतरलं, ते तीत सापडणार नाही. विल्हेवाटीच्या रकान्यात तर बहुतेक वेळा 'स्थानिक नियम पाळा' एवढंच छापलेलं असतं. शंका असेल तर नमुना लॅबला पाठवा. पाठवायचा नसेल तर तो धोकादायकच धरा आणि तसं लिहून ठेवा. निर्णय का घेतला याचा कागद फाइलला हवाच. एसक्यूजी आणि एलक्यूजीला (महिन्याच्या वजनावरून ठरणारे लहान आणि मोठे कचरा-उत्पादक, पायरी २ बघा) तो तीन वर्षं जपावा लागतो.

रिकाम्या ड्रमवरून आपल्याकडचे लोक हमखास गोंधळतात. भारतात रसायन लागलेले रिकामे बॅरल शेड्यूल १ च्या ३३.१ मध्ये बसतात, म्हणजे स्वतःच धोकादायक कचरा. इथे ५५ गॅलनचा ड्रम नेहमीच्या पद्धतीने पूर्ण उपसला आणि तळाशी एक इंचापेक्षा जास्त शिल्लक नसेल, तर तो 'रिकामा' आणि या नियमांतून बाहेर. मात्र पी यादीतलं रसायन असेल तर तीनदा धुवावा लागतो, आणि ते धुतलेलं पाणी पुन्हा कचऱ्यात मोजतात.

पायरी २: महिन्याचं वजन काढा

वर्षाची सरासरी चालत नाही. हिशोब दर कॅलेंडर महिन्याचा असतो आणि गट त्यावरच ठरतो.

महिन्याला १०० किलो (२२० पौंड) किंवा कमी: व्हीएसक्यूजी, सगळ्यात लहान. १०० किलोच्या वर पण १,००० किलोच्या आत: एसक्यूजी. १,००० किलो (२,२०० पौंड) किंवा जास्त: एलक्यूजी. आणि पी यादीतला किंवा तत्सम जहाल कचरा महिन्याला एक किलोच्या वर गेला की बाकी कितीही कमी असला तरी तुम्ही थेट एलक्यूजी. जुन्या लॅबमध्ये कपाट आवरताना हे घडतं. पी यादीतल्या रसायनाच्या दोन-चार विसरलेल्या बाटल्या निघाल्या की छोटी लॅब त्या महिन्यापुरती मोठ्या कारखान्याच्या रांगेत जाऊन बसते.

गॅलनवरून वजन काढताना घनता विसरू नका. २२० पौंड म्हणजे ॲसिटोनचे सुमारे ३३ गॅलन, पण ड्रायक्लीनिंगच्या पर्कचे (परक्लोरोइथिलीन या जड सॉल्व्हंटचे) फक्त १६. "अर्धा ड्रम म्हणजे शंभर किलो" हा अंदाज पाण्याला ठीक आहे, पर्कवाल्याला तो अडकवतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एडिसनच्या बाजूला एक बॉडी शॉप आहे. स्प्रे गन धुतलेलं थिनर महिन्याला २० गॅलन, सात पौंडाने १४० पौंड. उरलेला, घट्ट झालेला रंग ४० पौंड. एकूण १८०, म्हणजे व्हीएसक्यूजी. आता बूथचे फिल्टर बघा. त्यांची चाचणी कधी झालीच नसेल आणि क्रोमियम मर्यादेच्या वर निघालं, तर बदलाच्या महिन्यात आणखी ५०-६० पौंड वाढतात आणि शॉप २२० च्या पलीकडे. मालकाच्या मते धंदा तेवढाच आहे, पण त्या महिन्यापुरता तो एसक्यूजी झाला आणि नंबर नसेल तर माल बाहेर पाठवता येत नाही.

या मोजणीत काय धरत नाहीत तेही सांगतो, कारण अनेक जण उगाच स्वतःला मोठ्या गटात टाकून घेतात. वापरलेलं इंजिन ऑइल त्याच्या वेगळ्या नियमाने सांभाळलं तर मोजायचं नाही. युनिव्हर्सल वेस्ट, म्हणजे बॅटऱ्या, ट्यूबलाइट, पाऱ्याची उपकरणं, काही कीटकनाशकं आणि २०२० पासून एरोसॉल कॅनही, त्या नियमाप्रमाणे ठेवलं तर मोजायचं नाही. सॉल्व्हंट लागलेल्या पुसण्याच्या फडक्यांनाही अटींवर सूट आहे: बंद डबा, त्यावर लेबल, आत मोकळा द्रव नको. ऑइलमध्ये पार्ट धुतलेलं सॉल्व्हंट ओतलं की मात्र ऑइलची सूट धोक्यात येते. गॅरेजमधल्या नवीन पोराला हे पहिल्या दिवशी सांगा.

पायरी ३: तुमचं राज्य काय म्हणतं

केंद्र सरकारच्या नियमाने (४० सीएफआर २६२.१८, सीएफआर म्हणजे केंद्रीय नियमांची संहिता) नंबर एसक्यूजी आणि एलक्यूजीला सक्तीचा आहे, व्हीएसक्यूजीला नाही. पण रिक्रा बहुतेक ठिकाणी राज्यच राबवतं आणि राज्याला नियम कडक करण्याची मुभा आहे. कॅलिफोर्नियात केंद्राच्या यादीत न बसणारा कचराही राज्याच्या हिशोबाने धोकादायक ठरतो आणि लहानांनाही राज्याचा नंबर लागतो. कायमचा नंबर 'सीएएल' ने सुरू होतो, एकदाच्या कामासाठी ९० दिवसांचा तात्पुरता 'सीएसी' ने. तिथे दरवर्षी ऑनलाइन प्रश्नावली भरली नाही तर नंबर निष्क्रिय होतो. टेक्सासमध्ये ईपीए नंबराशिवाय राज्याची वेगळी नोंदणीही असते. आयोवा आणि अलास्कात राज्याचा स्वतःचा कार्यक्रम नाही, तिथे थेट ईपीएच्या विभागीय कार्यालयाशी बोलायचं.

तुम्ही व्हीएसक्यूजी असलात आणि राज्याची सक्ती नसली तरी नंबर काढून ठेवावा असं माझं मत आहे. अनेक वाहतूकदार त्याशिवाय गाडी पाठवत नाहीत, आणि ज्या महिन्यात वजन २२० च्या वर जाईल त्या महिन्यात धावपळ होणार नाही. याविरुद्ध एक मुद्दा मी ऐकतो: "नंबर घेतला की आपण इन्स्पेक्टरच्या यादीत जातो." जातो, खरं आहे. पण बॉडी शॉप आणि ड्रायक्लीनर तसेही त्यांना माहीत असतात.

पायरी ४: त्या पत्त्याला आधीच नंबर आहे का

ही पायरी सगळे गाळतात. नंबर जागेचा असल्याने तुमच्या आधी तिथे छापखाना किंवा गॅरेज असेल तर नंबर बहुधा आहेच. ईपीएचं 'एको' संकेतस्थळ किंवा रिक्राइन्फोची (ईपीएच्या कचरा-नोंदींच्या डेटाबेसची) सार्वजनिक शोध-सुविधा उघडा आणि पत्त्यावरून शोधा. रस्त्याचं नाव पूर्ण आणि संक्षिप्त, दोन्ही प्रकारे टाकून बघा.

जुना नंबर सापडला तर नवा अर्ज करू नका. त्याच नंबरावर मालक, चालक आणि संपर्क बदलल्याची 'नंतरची सूचना' पाठवा. एकाच जागेला दोन नंबर झाले की मॅनिफेस्ट (कचऱ्याबरोबर जाणारा वाहतुकीचा कागद) एका नंबरावर आणि अहवाल दुसऱ्यावर असा घोळ होतो आणि तो निस्तरायला बरीच पत्रं लिहावी लागतात. शोधताना जागेचा इतिहासही दिसतो: आधीचा भाडेकरू कोणत्या गटात होता, त्याच्यावर काही कारवाई झाली का. भाडेकरार करण्याआधी हे बघितलं तर घरमालकाशी बोलताना कामाला येतं. स्ट्रिप मॉल किंवा इंडस्ट्रियल पार्कमध्ये युनिट नंबर स्पष्ट लिहा, नाहीतर शेजाऱ्याचा नंबर आपला समजला जातो.

पायरी ५: फॉर्म ८७००-१२

फॉर्मचं नाव लांब आहे, लोक 'साइट आयडी फॉर्म' म्हणतात. बरीच राज्यं तो रिक्राइन्फोमधल्या 'मायआरसीआरएआयडी' तून ऑनलाइन घेतात, काहींचं स्वतःचं पोर्टल आहे, काही अजून कागदावर घेतात. आपल्या राज्याच्या पर्यावरण खात्याच्या पानावर बघून ठरवा. ईपीए स्वतः या नंबराचे पैसे घेत नाही. राज्यांची फी मात्र असू शकते.

फॉर्म उघडण्याआधी जवळ ठेवा: जागेचा प्रत्यक्ष पत्ता (पीओ बॉक्स चालत नाही, तो टपालाच्या रकान्यात), जमिनीच्या मालकाचं आणि धंदा चालवणाऱ्याचं नाव, एनएआयसीएस कोड (उद्योगाचा प्रकार सांगणारा क्रमांक), कचऱ्याचे कोड आणि संपर्काच्या माणसाचा फोन. बॉडी शॉपचा एनएआयसीएस ८१११२१, ड्रायक्लीनिंगचा ८१२३२०.

मालक आणि चालक हे दोन रकाने वेगळे आहेत. भाड्याच्या जागेत मालक म्हणजे घरमालक, चालक तुम्ही. दोन्हीकडे आपलंच नाव टाकणारे बरेच असतात.

कारण विचारलेल्या ठिकाणी पहिल्या वेळी 'प्रारंभिक सूचना' निवडा. गटाच्या चौकटीत पायरी २ चं उत्तर. काही महिने व्हीएसक्यूजी आणि काही महिने एसक्यूजी असाल तर वरचा गट लिहिणं सुरक्षित. "असू दे मोठा" म्हणून एलक्यूजीवर मात्र टिक करू नका. एलक्यूजी म्हणजे सविस्तर आपत्कालीन योजना, दरवर्षीचं लेखी प्रशिक्षण आणि दोन वर्षांनी द्विवार्षिक अहवाल. एका टिकेने हे सगळं ओढवून घ्यायची गरज नाही.

शेवटी प्रमाणपत्रावर सही. सही करणारा त्या जागेच्या वतीने अधिकृत हवा, आणि ऑनलाइन असेल तर त्याची ओळख आधी पडताळली जाते. गाडी उद्या येणार आहे आणि आज खातं उघडतोय, असं करू नका. अचानक गळती झाली आणि नंबरच नाही, तर राज्याला फोन करा. अशा वेळी तात्पुरता नंबर मिळण्याची सोय असते.

पायरी ६: नंबर आल्यावर

ई-मॅनिफेस्टची नोंदणी लगेच करा. २२ जानेवारी २०२५ पासून एसक्यूजी आणि एलक्यूजीला ती सक्तीची आहे. माल स्वीकारणाऱ्या केंद्राने सही केलेली प्रत तुम्हाला टपालाने पाठवण्याचं बंधन संपलं, ती आता तुम्हीच पोर्टलवरून उतरवून घ्यायची. एका जागेसाठी किमान दोघांना 'साइट मॅनेजर' करा. एकटा माणूस नोकरी सोडून गेला की खातं उघडणं हे वेगळं काम होऊन बसतं.

भारतातली सात रंगांची मॅनिफेस्ट ज्यांनी हाताळली आहे त्यांना इथला कागद सोपा वाटेल. नंबर मात्र अक्षर न् अक्षर तपासा. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' यांत घोटाळा झाला तर तुमचा माल दुसऱ्याच्या नावावर चढतो. वाहतूकदाराचा आणि स्वीकारणाऱ्या केंद्राचा नंबरही बघा. नंबर नसलेल्याच्या हाती कचरा देणं हा तुमचा भंग ठरतो, त्याच्याइतकाच.

डब्यावर 'हॅझार्डस वेस्ट' ही अक्षरं, धोका कोणता ते, आणि साठवण सुरू झाल्याची तारीख. एलक्यूजीला ९० दिवस, एसक्यूजीला १८० दिवस आणि एका वेळी ६,००० किलोपर्यंत. माल स्वीकारणारं केंद्र २०० मैलांच्या पलीकडे असेल तर एसक्यूजीला २७० दिवस. भारतातही सर्वसाधारण मुदत ९० दिवसच आहे, म्हणून आपले लोक सगळीकडे ९० धरून चालतात. एसक्यूजीने तसं केलं तर बिघडत नाही, पण उचलण्याचा खर्च दुप्पट होतो.

पायरी ७: नंबर जिवंत ठेवणं

एसक्यूजीने दर चार वर्षांनी पुन्हा कळवायचं. पहिली तारीख १ सप्टेंबर २०२१ होती, दुसरी १ सप्टेंबर २०२५, पुढची २०२९. बदल काहीही झाला नसला तरी. एलक्यूजीने सम वर्षी १ मार्चपर्यंत, द्विवार्षिक अहवालाबरोबर. राज्याची मुदत याहून जवळची असू शकते. २०२१ च्या आधी एसक्यूजीला केंद्राचं असं बंधन नव्हतं, त्यामुळे "एकदा काढला की झालं" म्हणणारे जुने लोक अजून भेटतात.

एखाद्या महिन्यापुरतं वजन वाढणार असेल, जसं की टाकी साफ करायची आहे किंवा गोदाम रिकामं करायचं आहे, तर 'एपिसोडिक' सूचनेची तरतूद वापरा. त्याच फॉर्मवर किमान ३० दिवस आधी कळवायचं, काम आणि कचरा पाठवणं ६० दिवसांत संपवायचं, आणि तुमचा नेहमीचा गट टिकतो. हे वर्षातून एकदा. अनपेक्षित घटना असेल तर ७२ तासांत कळवायचं. व्हीएसक्यूजीलाही यासाठी नंबर लागतो. ही तरतूद २०१६ च्या सुधारित नियमांतून आली आणि सगळ्या राज्यांनी ती घेतलेली नाही, म्हणून टाकी उघडण्याआधी राज्याला विचारा.

दंडाचं म्हणाल तर कायद्याच्या मूळ मजकुरातच एका भंगाला दिवसाला २५,००० डॉलरपर्यंतची तरतूद आहे, आणि महागाईच्या हिशोबाने ती आज त्याच्या कितीतरी वर गेली आहे. लहान धंद्यावर पूर्ण रक्कम सहसा लागत नाही. पण 'दर दिवशी' हा शब्द लक्षात ठेवा, कारण चुकलेल्या सूचनेचे दिवस भराभर साठतात.

जागा सोडताना एलक्यूजीने बंद करण्याच्या किमान ३० दिवस आधी आणि नंतर ९० दिवसांच्या आत अशी दोनदा सूचना द्यायची असते. एसक्यूजीने शेवटचा ड्रम गेला, मॅनिफेस्टची सही झालेली प्रत आली, की त्याच फॉर्मवर आपलं काम थांबल्याचं कळवावं. हे राहिलं तर पुढच्या भाडेकरूच्या कचऱ्याबद्दलची पत्रं तुमच्या नावाने येत राहतात. चावी परत देताना घरमालकाला त्या सूचनेची पोच द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा.